हर्नियाच्या जाळीत धरलेला पू : एक प्रकरण अभ्यास

पोटाच्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये भिंतीला आधार म्हणून बसवलेल्या जाळीला जंतुसंसर्ग झाला, तर ती जाळी वाचवायची की काढायची, हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. या प्रकरणात तो समोर यायला नऊ महिने लागले. मधल्या काळातल्या प्रत्येक भेटीत घेतलेला निर्णय त्या दिवशीपुरता पटण्यासारखा होता. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांचे. कामात ओझी उचलावी लागत. अनेक वर्षांची सिगारेट, आठ वर्षांचा मधुमेह, वजनही जास्त. तीन वर्षांपूर्वी लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर फुटला, म्हणून पोट मधोमध उघडून तातडीचं ऑपरेशन करावं लागलं होतं. त्या वेळी जखमेत पू झाला, टाके काढून जखम उघडी ठेवावी लागली आणि ती हळूहळू आतून भरत आली. वर्षभरात त्याच रेषेवर फुगवटा दिसू लागला. खोकला आला की वर यायचा, आडवं झालं की आत जायचा. जुन्या छेदातून आलेला हर्निया. स्नायूंवरच्या घट्ट पदरात सात सेंटिमीटर रुंद भगदाड पडलं होतं.

इतक्या रुंद हर्नियाला नुसते टाके पुरत नाहीत. नेदरलँड्समधला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा सेंटिमीटरपर्यंतचे हर्निया घेतले होते. पहिल्यांदाच दुरुस्त केलेला हर्निया तीन वर्षांत परत येण्याचं प्रमाण टाक्यांच्या गटात ४३ टक्के आणि जाळीच्या गटात २४ टक्के निघालं. पुढे त्याच अभ्यासातल्या रुग्णांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा हे आकडे ६३ आणि ३२ टक्क्यांवर पोचले. त्यामुळे या रुग्णाला जाळी बसवण्याचा निर्णय योग्यच होता. जाळीच्या संसर्गाची गोष्ट वाचून कुणी जाळीलाच नकार देऊ नये, म्हणून हे आधी सांगितलं.

अडचण तयारीत होती. ऑपरेशनच्या वेळी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ८.८ टक्के होता, सिगारेट सुरूच होती आणि त्याच जागी आधी एकदा पू झालेला होता. संसर्गाचा धोका वाढवणाऱ्या या तिन्ही गोष्टी एकाच रुग्णात होत्या. त्यात आतडी जुन्या छेदाला चिकटलेली असल्यामुळे ऑपरेशन लांबलं.

ऑपरेशन उघड्या पद्धतीने झालं. भगदाड टाक्यांनी बंद करून त्यावर, चरबीच्या थराखाली, पॉलिप्रॉपिलीनची १५ बाय २० सेंटिमीटरची जाळी पसरली आणि न विरघळणाऱ्या धाग्यांनी शिवली. जाळी अशी स्नायूंच्या वर ठेवली की काम सोपं होतं आणि ती आतड्यांपासून दूर राहते. पण ती बसवण्यासाठी कातडी आणि चरबी दोन्ही बाजूंना बरीच सोडवावी लागते. त्या पोकळीत पाणी साचतं, आणि वरची जखम जरा जरी चिघळली तरी जंतू थेट जाळीपर्यंत पोचतात. हीच जाळी स्नायूंच्या मागे ठेवली तर तिला वरून स्नायूचं, म्हणजे भरपूर रक्तपुरवठा असलेल्या पेशींचं, आवरण मिळतं.

समस्या कशी वाढत गेली

नवव्या दिवशी ड्रेनची, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेर काढणारी, नळी काढली. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या डाव्या बाजूला मऊ सूज आली. दाबलं की आत पाणी हललेलं कळायचं. हा सिरोमा. जाळीच्या ऑपरेशननंतर तो बऱ्याचदा दिसतो आणि बहुतेक वेळा अंगात जिरतो. इथे तो सुईने काढला गेला. पुन्हा भरला, पुन्हा काढला. पहिल्या दोन वेळी पाणी स्वच्छ पिवळसर होतं. तिसऱ्या वेळी गढूळ आलं आणि तसंच टाकून दिलं गेलं. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला पहिला महत्त्वाचा क्षण हाच. त्या सिरिंजमधलं पाणी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीला, गेलं असतं, तर जंतू कोणता आणि तो कधी आला, हे दोन्ही तेव्हाच कळलं असतं.

सातव्या आठवड्यात कातडी लाल झाली, बारीक ताप आला आणि जखमेच्या खालच्या टोकातून पू आला. आठवडाभर अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. जखम सुकली. तिसऱ्या महिन्यात त्याच टोकाला मसुराएवढं छिद्र पडलं आणि त्यातून थेंब थेंब स्राव येऊ लागला. आतल्या खोल जागेतून कातडीपर्यंत आलेली अशी वाट म्हणजे नाडीव्रण. छिद्राच्या तोंडावर कापूस फिरवून नमुना पाठवला, अहवालात ‘कातडीवरचे मिश्र जंतू’ असं आलं. पुन्हा गोळ्या, पुन्हा सुकली.

पाचव्या महिन्यात छिद्रातून जाळीचे दोन-तीन धागे डोकावू लागले. बाह्यरुग्ण विभागातच जागा बधिर करून दिसणारे धागे कापले आणि छिद्र खरवडलं. पाचेक आठवडे जखम पूर्ण बंद राहिली. घरच्यांना वाटलं, सुटलो. आणि मग एके दिवशी शर्टावर पुन्हा डाग दिसला.

वहीतला क्रम

आमच्याकडे हे रुग्ण आले तेव्हा ऑपरेशनला नऊ महिने झाले होते. सोबत केसपेपरांची जाड फाईल होती. प्रत्येक पानावर त्या त्या दिवसाची जखम, त्या त्या दिवसाचं औषध. वाचून अंदाज यायचा की रुग्ण अधूनमधून बरा होतोय.

खरा क्रम सापडला तो त्यांच्या पत्नीच्या वहीत. ड्रेसिंग त्याच करायच्या. तारीख, पट्टी कोरडी की ओली, ओली असेल तर किती आणि रंग कसा, औषध चालू की बंद, असं सगळं त्यांनी सरळ रेघा मारून लिहिलं होतं. मी पानं उलटत असताना त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, ह्यांच्या गोळ्या संपल्या ना, की चार-सहा दिवसांत पट्टी ओली होते. दर वेळी. मी सांगितलं होतं, पण तेव्हा जखम कोरडी असायची, त्यामुळे…’’ वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

गोळ्या असेपर्यंत कोरडी, थांबल्या की ओली. आत परकी वस्तू आहे आणि तिच्यावर जंतूंनी घर केलंय, हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा लागत नाही. जाळीच्या धाग्यांवर जंतू एक चिकट थर तयार करतात, बायोफिल्म. त्या थराच्या आत ते मंद गतीने जगतात आणि औषधाच्या एरवी पुरेशा मात्रेलाही दाद देत नाहीत. थरातून सुटून आसपास पसरलेले जंतू गोळ्यांनी मरतात, त्यामुळे लाली, ताप, स्राव जातो. मूळ थर तसाच राहतो. बाहेरचं छिद्र बुजलं याचा अर्थ एवढाच की पुवाची वाट बंद झाली.

काय तपासलं

रुग्णाला ताप नव्हता, रक्तदाब आणि नाडी ठीक होती, म्हणून घाई करायची गरज नव्हती. आम्ही सगळी अँटिबायोटिक्स दोन आठवडे बंद ठेवली. घरच्यांना हे पटवणं जड गेलं, कारण औषध बंद म्हणजे पट्टी ओली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण औषधाच्या अंमलाखाली घेतलेला नमुना अनेकदा ‘वाढ नाही’ असा येतो आणि सगळ्यांचीच दिशाभूल करतो.

सीटी स्कॅनमध्ये जाळीचा डावा भाग गुंडाळला गेलेला दिसला. त्याभोवती नऊ सेंटिमीटर लांबीची पुवाची पोकळी, त्यात हवेचे दोन बुडबुडे. हवेचा बुडबुडा दिसला की आतड्याला छिद्र तर नाही ना, हे आधी पाहावं लागतं. इथे आतडी पोकळीपासून दूर होती आणि हवा बाहेरच्या छिद्रातून गेली होती.

सोनोग्राफीत बघत, निरोगी कातडीतून सुई घालून पोकळीतला पू काढला. प्रयोगशाळेला चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं की नेहमीच्या कल्चरबरोबर ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू, बुरशी आणि क्षयाच्या जातकुळीतले इतर जंतू हेही पाहावेत. या शेवटच्या गटातले काही जंतू हर्नियाच्या जाळीत आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतरच्या जखमांत सापडतात. नेहमीच्या कल्चरमध्ये ते निसटतात आणि त्यांना क्षयाची ठरलेली औषधं सहसा लागू पडत नाहीत. सांगितल्याशिवाय प्रयोगशाळा ते शोधत नाही.

निष्कर्ष साधा निघाला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तोही नेहमीच्या औषधांना दाद देणारा. रुग्णाला आधी दिलेल्या गोळ्याही त्या यादीत होत्या. रुग्णाच्या मुलाने विचारलं, ‘‘रिपोर्टमध्ये औषध लागू पडतं असं लिहिलंय, मग नऊ महिने जखम का भरली नाही?’’ प्रश्न अगदी रास्त होता. प्रयोगशाळेतली चाचणी मोकळ्या जंतूंवर होते, जाळीला चिकटलेल्या थरावर होत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता जाळी वाचवण्याचा. जखम पूर्ण उघडायची, धुवायची, मेलेल्या पेशी काढायच्या आणि हवा ओढून घेणाऱ्या ड्रेसिंगखाली जाळीवर नवं मांस चढू द्यायचं. हा मार्ग पोकळ आशेचा नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या मोठ्या छिद्रांच्या जाळीत तो अनेकदा यशस्वी होतो, त्यामागे कारण आहे. जंतू साधारण एक मायक्रॉनचा असतो, तर त्याला गिळणाऱ्या आपल्या पेशी दहा मायक्रॉनहून मोठ्या. जाळीची छिद्रं ७५ मायक्रॉनपेक्षा मोठी असली तर या पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. दहा मायक्रॉनहून बारीक छिद्रांच्या, पत्र्यासारख्या पीटीएफई (टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक) जाळीत जंतू शिरतो आणि शिपाई बाहेर राहतो, म्हणून ती संसर्गानंतर बहुतेक वेळा काढावीच लागते.

या रुग्णाची जाळी वाचवण्याजोग्या जातीची होती. सातव्या आठवड्यात हाच पर्याय मी पहिला मांडला असता. नवव्या महिन्यात जाळी गुंडाळली गेलेली होती, डाव्या बाजूला ती शरीराशी जुळलीच नव्हती आणि सिगारेट अजून सुटली नव्हती. मधल्या महिन्यांत या पर्यायाचं वजन फार कमी झालं होतं.

दुसरा पर्याय अर्धी जाळी काढण्याचा. डावा भाग काढायचा, उजवा नीट बसलेला भाग ठेवायचा. ऑपरेशन लहान, पोटाच्या भिंतीला आधार शिल्लक. पण नंतर उरलेल्या तुकड्यात पुन्हा पू होण्याचा धोका पूर्ण काढण्यापेक्षा जास्त.

तिसरा, सगळी जाळी आणि तिचे सगळे टाके काढण्याचा. संसर्ग संपवण्याची सर्वांत चांगली शक्यता इथे, पण हर्निया परत येण्याचीही. रुग्णाने नेमकं हेच विचारलं, ‘‘म्हणजे एवढं सगळं सोसलं, आणि पुन्हा पोट पुढे येणार?’’ आम्ही सांगितलं, येऊ शकतं, आणि आलं तर स्वच्छ पोटावर पुन्हा दुरुस्ती करता येईल. दोन आजार एका बैठकीत संपवायचा अट्टहास इथे नको वाटला.

चौथा पर्याय होता गोळ्या चालू-बंद ठेवून दिवस काढण्याचा. फार वय झालेल्या किंवा ऑपरेशन न झेपणाऱ्या माणसासाठी तोही मान्य करावा लागतो. इथे तसं कारण नव्हतं.

रुग्णाने दोन दिवस मागितले आणि तिसरा पर्याय निवडला.

काय केलं

ऑपरेशन लगेच केलं नाही. पुवाच्या पोकळीत बारीक नळी घालून ती वाहती ठेवली, त्यामुळे वेळ मिळाला. त्या अडीच महिन्यांत सिगारेट पूर्ण बंद झाली. निदान चार आठवडे बंद हवी, अशी अटच घातली होती. एचबीएवनसी ७.३ वर आलं. रुग्णाला हा काळ फुकट गेल्यासारखा वाटत होता. पोकळी वाहत राहणं आणि साखर उतरणं हे उपचारच आहेत, हे दर भेटीत पुन्हा सांगावं लागलं.

ऑपरेशनमध्ये डावा भाग अपेक्षेप्रमाणे निघाला. भिजलेल्या चटईसारखा दुमडलेला, पिवळसर बुळबुळीत थराने माखलेला. बोटाने ओढला तसा सुटून आला. उजवीकडचा भाग मात्र पांढऱ्या, घट्ट ऊतीत पक्का रुतलेला होता, वरवर अगदी निरोगी. इथे हात थांबला. तो काढायचा तर खालचा स्नायूंचा पदर सोलवटणार, पोटाची भिंत आणखी अशक्त होणार. टीममध्ये तिथेच चर्चा झाली. मग उजव्या कडेचा एक टाका उलगडून पाहिला. निळ्या धाग्याच्या गाठीखाली ज्वारीच्या दाण्याएवढा पुवाचा ठिपका होता. निर्णय झाला. जाळी पूर्ण काढली आणि जुने कायमचे टाके एकेक शोधून काढले. जाळी काढून गाठी आत ठेवल्या, तर तीच गोष्ट छोट्या प्रमाणावर पुन्हा सुरू होऊ शकते.

भिंत बंद करतानाही मोह होते. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली जाळी बसवता आली असती. स्नायूंचे थर सोडवून मध्ये आणता आले असते. पण पुवाच्या जागी थर सोडवून ठेवले आणि ते फसलं, तर पुढच्या दुरुस्तीसाठी काही उरत नाही. कडा ताण न देता जवळ येत होत्या, म्हणून हळू विरघळणाऱ्या धाग्याने, लहान लहान टाके घेत, जखमेच्या लांबीच्या चौपटीहून जास्त धागा वापरून भिंत शिवली. कातडी उघडी ठेवून हवा ओढणारं ड्रेसिंग लावलं, आणि आठवड्याने जखम स्वच्छ दिसल्यावर ती बंद केली. जाळीच्या तुकड्यांच्या कल्चरमध्ये तोच जंतू आला. क्षयाच्या जातकुळीतलं काही निघालं नाही. औषध दोन आठवडे देऊन थांबवलं.

परिणाम

गोळ्या थांबल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसाची सगळ्यांनाच धास्ती होती. पट्टी कोरडी राहिली. पुढच्या आठवड्यातही आणि त्यानंतरही. तीन महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत पोकळी नव्हती.

जाळी काढल्यानंतर साधारण वर्षभराने छेदाच्या वरच्या टोकाला तीन सेंटिमीटरचा फुगवटा आला. दुखत नाही, आत जातो. हर्निया परतला आहे. याची कल्पना आधी दिलेली असल्यामुळे रुग्णाने तो शांतपणे दाखवला. एवढं बोलणं आधी झालेलं नसतं, तर हीच भेट भांडणाची झाली असती.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, पहिल्या जाळीची तारीख पुढे ढकलता आली असती. हर्निया अडकलेला नव्हता, दुखत नव्हता. जी साखर आणि जी सिगारेट आम्ही दुसऱ्या ऑपरेशनआधी अडीच महिने थांबून आटोक्यात आणली, ती पहिल्या वेळीही येऊ शकली असती. आधीच्या जखमेत पू झालेला असताना जाळी स्नायूंच्या मागे ठेवण्याचा विचारही व्हायला हवा होता. त्याला वेळ आणि कसब जास्त लागतं, पण वरची कातडी चिघळली तरी जाळी सहसा बचावते.

सिरोमाला पुन्हा पुन्हा सुई लावण्याबद्दल माझं मत ठाम आहे. ताण नसेल, दुखत नसेल, तर त्याला हात लावू नये. प्रत्येक सुई ही जंतूंना आत जायची एक संधी. आणि सुई घातलीच, तर निघालेलं पाणी, विशेषतः गढूळ पाणी, टाकून देऊ नये.

सातव्या आठवड्यात गोळ्यांऐवजी सोनोग्राफी, खोल नमुना आणि गरज पडल्यास जखम उघडून धुणं, असा मार्ग घेतला असता तर ही जाळी बहुधा वाचली असती. खात्री देता येणार नाही, पण या प्रकारच्या जाळीला ती संधी मिळायला हवी होती. डोकावणारे धागे कापण्याने मात्र काहीच साधलं नाही. मिळालेल्या पाच कोरड्या आठवड्यांनी योग्य निर्णय आणखी लांबवला.

एक गोष्ट अगदी साधी. पहिल्या ऑपरेशनच्या नोंदीत ‘जाळी बसवली’ एवढंच होतं. जाळी कोणत्या जातीची, कोणत्या थरात, कोणत्या धाग्याने शिवली, हे आम्हाला फोन करून विचारावं लागलं. जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर चिकटवला, तर वर्षांनंतरही पुढच्या डॉक्टरला ते कळतं. जाळीचा संसर्ग कधी कधी वर्षांनी डोकं वर काढतो, तोवर विचारायला आधीचे डॉक्टर भेटतीलच असं नाही.

पुढची दुरुस्ती स्नायूंच्या मागे मोठ्या छिद्रांची जाळी ठेवून करावी, असं आमचं मत रुग्णाला सांगितलं आहे. पुन्हा जाळी म्हटल्यावर ते आणि त्यांची पत्नी दोघंही गप्प झाले. फुगवटा वाढत नसल्याने घाई नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी, एचबीएवनसी ७.५ च्या खाली, सिगारेट बंद आणि काम करताना पोटाला पट्टा, यावर सध्या एकमत झालं आहे. फुगवटा कडक झाला, आत जाईनासा झाला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी यायचं, हे त्यांच्या पत्नीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आहे. ऑपरेशनला होकार अजून दिलेला नाही.